वर्धेपलीकडचा परदेश

परदेश हा शब्द उच्चारला की समुद्र, आगबोट आणि विमान सहजच डोळ्यांपुढे उभी राहतात. बल्लारपूरकरांच्या कित्येक पिढ्यांचा परदेश मात्र वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर होता. अलीकडे गोंड राजांचा जुना किल्ला, मध्यप्रांताचे राज्य व कलदार रुपया. पलीकडे राजुरा, निजामाचे राज्य व हाली शिक्क्याचा रुपया. सात हाली रुपये मोजले म्हणजे साधारणपणे सहा कलदार हाती येत. सोयरसंबंध दोन्ही तीरांवर, बाजारहाटही दोन्ही तीरांवर. तथापि नदी ओलांडणारा मनुष्य कायद्याच्या भाषेत ‘ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर’ जात असे. बाहेर राहून स्वतःच्या कसबावर मिळविलेल्या द्रव्यात घरच्या सरकारचा वाटा किती, हा प्रश्न आज बर्लिन, लंडन किंवा दुबई येथे राहून भाषांतर, चित्रकला वा संगणकाचे काम स्वतंत्रपणे करणाऱ्यांना पडतो. त्याचे पहिले धडे विदर्भाच्या ह्या कोपऱ्यात फार पूर्वीच गिरविले गेले आहेत.

चांद्याचे राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे आले. त्यांच्या अमलात शेतकरी आपला सारा जमिनीवर देई. ज्याला जमीन नाही, परंतु धंदा आहे, अशा कोष्टी, तेली, दुकानदार व सावकार ह्यांच्यावर ‘पांढरी’ नावाचा वेगळा कर असे. नाव मोठे बोलके आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीत ज्याचे घर, त्याच्यावर पांढरीचा कर. मनुष्याने कोठल्या बाजारात किती मिळविले ह्याची बारीक चौकशी करण्यापेक्षा तो राहतो कोठे हे पाहणे सोपे, असा त्यातला व्यवहार होता. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनीही हा कर बराच काळ चालू ठेवला.

आयकर म्हणून आज जो ओळखला जातो तो १८६० साली आला. सत्तावनच्या धामधुमीने सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती भरण्यासाठी जेम्स विल्सन ह्यांनी तो बसविला आणि पाच वर्षांनी तो संपलाही. १८८६ च्या कायद्याने मात्र त्याने कायमचे बिऱ्हाड केले. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले होते. दोन हजार व त्याहून अधिक उत्पन्नावर रुपयामागे पाच पै असा दर होता. म्हणजे वर्षाला चोवीसशे रुपये मिळविणाऱ्या वकिलाने बारा हजार पै, अर्थात साडेबासष्ट रुपये भरावयाचे. ही रक्कम आज क्षुल्लक वाटेल. तथापि त्या काळी शाळामास्तराचे कित्येक महिन्यांचे वेतन तीत सामावले असते.

येथपर्यंत नदीचा प्रश्न फारसा बिकट नव्हता. जे उत्पन्न ब्रिटिश मुलखात उद्भवले किंवा तेथे हाती पडले त्यावर कर, असा साधा न्याय होता. १९२२ च्या कायद्याने बाहेरच्या धंद्याचा नफा आत आणला तर त्यालाही कर लावला, पण तो नफा मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत आणला तरच. ह्याचा अर्थ उघड होता. ज्याला घाई नाही त्याने पैसा पलीकडे ठेवावा, तीन वर्षे लोटू द्यावीत आणि मग निर्धास्तपणे तो घरी आणावा. गरजू माणसाला कर आणि सबुरी असलेल्याला सूट, असा हा विचित्र नियम अकरा वर्षे टिकला. १९३३ च्या दुरुस्तीने ही तीन वर्षांची पळवाट बुजविली.

ह्याच काळात बल्लारपूरचे महत्त्व वाढत होते. भोवती कोळशाच्या खाणी होत्या. १९२९ च्या सुमारास बल्लारशाह ते काझीपेठ हा लोहमार्ग पुरा झाला आणि दिल्ली व मद्रास सरळ जोडली गेली. ठेकेदार, वकील, डॉक्टर ह्यांना निजामाच्या मुलखात जाऊन काम करणे सुलभ झाले. नोकरदाराचा पगार एका ठिकाणाहून येतो आणि त्याचा हिशेब मालकाच्या वहीत असतो. ह्या स्वतंत्र व्यावसायिकांचा हिशेब मात्र त्यांच्याच खिशात. त्यामुळे कायद्याची खरी कसोटी त्यांच्यावरच लागली.

१९३९ ची दुरुस्ती ह्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना होय. उत्पन्न कोठले, ह्या प्रश्नाबरोबरच मनुष्य कोठला, हा प्रश्न कायद्याने आता स्पष्टपणे विचारला. मनुष्य कोठला हे त्याच्या जन्मावरून किंवा जातकुळीवरून ठरावयाचे नव्हते, ते दिवस मोजून ठरावयाचे होते. वर्षात १८२ दिवस ब्रिटिश हिंदुस्थानात राहिलेला तो रहिवासी. आणि रहिवाशाला जगात कोठेही मिळालेले उत्पन्न हिशेबात धरावयाचे. बाहेर मिळालेले जे उत्पन्न आत आणले नाही, त्यातील साडेचार हजार रुपयांपर्यंत सूट होती. ब्रह्मदेश व मलाया येथे सावकारी करणाऱ्या चेट्टी व्यापाऱ्यांना ह्या दुरुस्तीची झळ विशेष लागली. ब्रह्मदेश तर दोनच वर्षांपूर्वी, १९३७ साली, हिंदुस्थानातून वेगळा होऊन परदेश बनला होता.

दिवसांच्या नियमाला जोडून एक घराचा नियम होता आणि तो अधिक जाचक होता. ज्याने ब्रिटिश मुलखात १८२ दिवस राहते घर राखले आहे आणि जो त्या वर्षात एखादा दिवस जरी तेथे येऊन गेला आहे, तोही रहिवासी. समजा, बल्लारपूरचा एक ठेकेदार वर्षानुवर्षे निजामाच्या राज्यातील खाणींवर काम करीत आहे, बायकामुले मात्र बल्लारपुरास आहेत. तो दिवाळीला एक रात्र घरी आला. त्या एका रात्रीने तो त्या साऱ्या वर्षापुरता ब्रिटिश हिंदुस्थानचा रहिवासी झाला! कुटुंबवत्सल माणसाला घरी येण्याचीच धास्ती वाटावी असा हा नियम, त्याला शहाणपणाचा म्हणणे कठीण आहे. संस्थानांपुरती एक सवलत मात्र कायद्यात होती. संस्थानात उद्भवलेले उत्पन्न जोवर ब्रिटिश हद्दीत आणले नाही तोवर त्यावर कर नव्हता. म्हणजे त्या ठेकेदाराचे पैसे राजुऱ्यास पडून राहिले तर मोकळे, आणि नावेतून अलीकडे आले की करपात्र. वर्धेचे पात्र हीच जणू कराची रेषा होती.

ही रेषा नंतर लवकरच पुसली गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. निजामाच्या सरकारनेही त्याच सुमारास, १३५७ फसलीत, आपला स्वतःचा आयकर कायदा केला होता. १ एप्रिल १९५० पासून भारताचा आयकर कायदा तेथेही लागू झाला. राजुरा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडले गेले. नदीपलीकडचा परदेश शेजारचा तालुका झाला. पण त्या काळी घडलेली कायद्याची भाषा तशीच राहिली आणि आता ती समुद्रापलीकडे गेलेल्यांना लागू झाली.

१९६१ च्या कायद्याने १८२ दिवसांचा नियम कायम ठेवला. घराचा नियम थोडा सौम्य होऊन उरला होता. १९८२ च्या वित्त कायद्याने तो पार काढून टाकला. आता गावी घर आहे एवढ्यावरून कोणी रहिवासी ठरत नाही. मात्र आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात घालविलेला मनुष्य चालू वर्षी साठच दिवस येथे राहिला तरी रहिवासी ठरतो, असा आणखी एक नियम आहे. नोकरीसाठी देश सोडून जाणाऱ्या भारतीय नागरिकाला, देश सोडण्याच्या वर्षी, साठऐवजी १८२ दिवसांची मुभा आहे. येथे स्वतंत्र व्यावसायिकाचे घोडे अडत असे, कारण त्याला नोकरी कोठे आहे? केरळ उच्च न्यायालयाने २०११ साली ‘नोकरी’ ह्या शब्दात स्वतःचा धंदा करणेही येते असा निर्वाळा दिला. दुबईत दुकान मांडणाऱ्यालाच काय, बर्लिनमध्ये घरी बसून चित्रे काढणाऱ्यालाही त्याचा आधार आहे.

बाहेर स्थायिक झालेला नागरिक सुटीत घरी आला तर त्यालाही १८२ दिवसांचीच मुभा असे. २०२० साली ती आखडली. ज्याचे भारतातील उत्पन्न पंधरा लाखांवर आहे त्याला ती १२० दिवसांची झाली. त्याच वेळी आणखी एक नियम आला. इतक्या उत्पन्नाचा जो नागरिक कोठल्याच देशात करास पात्र नाही, तो येथे एक दिवसही न राहता रहिवासी मानला जाईल. जेथे आयकरच नाही अशा मुलखात राहणाऱ्यांवर ही नजर आहे, हे सांगावयास नको. तथापि बाहेरच्या बाहेर कमावलेले उत्पन्न, ते भारतातून चालविलेल्या धंद्याचे नसेल तर, ह्यातही करपात्र होत नाही. २०२५ साली संमत झालेला व १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हावयाचा म्हणून ठरलेला नवा कायदाही हेच दिवसांचे गणित पुढे चालवितो.

ह्यावरून पुष्कळांची अशी समजूत होते की, येथले दिवस मोजून कमी भरले म्हणजे सर्व ऋण फिटले. तसे नाही. बल्लारपूरच्या घराचे भाडे किंवा येथल्या बँकेतील ठेवीचे व्याज हे भारतात उद्भवलेले उत्पन्न. त्यावर कर येथेच. आणि जेथे मनुष्य राहतो तेथील पांढरी त्याला चुकत नाही. जर्मनीत स्वतंत्र व्यवसाय सुरू केल्यावर महिन्याच्या आत कर कचेरीस कळवून प्रश्नावली भरून द्यावी लागते. इंग्लंडात व्यवसाय सुरू केला ते करवर्ष संपल्यावर ५ ऑक्टोबरच्या आत नोंद करावयाची असते. तेथील करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते. १७५२ साली पंचांग बदलताना अकरा दिवस गळले, त्याची ही खूण. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर घेऊ नये म्हणून भारताने ह्या दोन्ही देशांशी करार केले आहेत. परंतु कराराचा आधार मागावयाचा तर त्या देशाच्या कर कचेरीचा रहिवासाचा दाखला हाती लागतो, आणि ज्याने तेथे नावच नोंदविले नाही त्याला तो मिळणार कसा?

परत येणाऱ्यांसाठीही १९३९ चीच तरतूद आजवर चालत आली आहे. तिचे नाव ‘सामान्यतः रहिवासी नसलेला’. अशा मनुष्याचे बाहेरचे उत्पन्न येथे करास पात्र नसते. अट एवढीच की ते भारतात थाटलेल्या व्यवसायाचे नसावे. मूळ शब्दरचना अशी होती की, मागील दहांपैकी नऊ वर्षे जो रहिवासी नव्हता तो ह्या वर्गात. व्याकरणाच्या दृष्टीने ह्याचे दोन अर्थ होतात. नऊ वर्षे सतत बाहेर असलेला, हा एक. आणि रहिवासाची नऊ वर्षे ज्याची भरली नाहीत तो, म्हणजे आठ वर्षे येथेच राहिलेलासुद्धा, हा दुसरा. एका नकारार्थी शब्दाच्या जागेवरून कचेऱ्यांत व न्यायसभांत अनेक वर्षे वाद झाले. अखेर २००३ साली संसदेने वाक्यच बदलले आणि पहिला अर्थ पक्का केला. दुसरी वाटही आहे. मागील सात वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिलेल्यालाही हा दर्जा मिळतो.

हा दर्जा बहुधा दोनतीन वर्षेच टिकतो. तो संपल्यावर परदेशातील खाते, घर वा समभाग ह्यांची नोंद येथल्या विवरणपत्रात करावी लागते. परदेशी मत्तेसंबंधीच्या २०१५ च्या कायद्याने ती न केल्यास दहा लाख रुपये दंड सांगितला आहे. २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या मत्तेला हा दंड लागत नाही.