मुंबई वेळ ते भारतीय प्रमाणवेळ : कालरूपांतराचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लंडनमध्ये दुपारचे बारा वाजले असता मुंबईत किती वाजले असतील, या प्रश्नाचे उत्तर आज सहज देता येते. ग्रिनिचच्या वेळेत साडेपाच तास मिळविले, की मुंबईची वेळ मिळते. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे नेली जात असल्याने त्या काळात हे अंतर साडेचार तासांचे होते. परंतु हाच प्रश्न १९०७ साली मुंबई शहरात विचारला असता, तर त्याची दोन उत्तरे मिळाली असती. रेल्वेच्या घड्याळात साडेपाच आणि महानगरपालिकेच्या घड्याळात चार वाजून एक्कावन्न मिनिटे झालेली असती. या ३९ मिनिटांच्या अंतराने सुमारे अर्धशतक शहरात ठाण मांडले होते. हे अंतर कसे निर्माण झाले, ते का टिकले आणि इतिहासाच्या अभ्यासकास त्याची दखल का घ्यावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थानिक वेळ व तिचे गणित

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजेच एका रेखांशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. हे तत्त्व भारतीय ज्योतिर्गणितास नवे नव्हते. उज्जयिनीची मध्यरेषा प्रमाण मानून अन्य गावांसाठी ‘देशांतर’ संस्कार करण्याची पद्धत पंचांगकर्त्यांना पूर्वापार अवगत होती. उज्जयिनी व मुंबई यांच्या रेखांशांतील फरक सुमारे तीन अंशांचा, म्हणजे बारा मिनिटांचा अथवा अर्ध्या घटिकेचा आहे.

कुलाबा वेधशाळेचा रेखांश सुमारे ७२ अंश ४९ कला पूर्व असल्याने मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे येते. याच रीतीने मद्रासची वेळ ५ तास २१ मिनिटे आणि कोलकात्याची ५ तास ५३ मिनिटे पुढे होती. बैलगाडीच्या व गलबताच्या प्रवासात हा फरक कोणाला जाणवत नसे. प्रवासी ज्या गावी पोहोचे, त्या गावाचा सूर्य हेच त्याचे घड्याळ असे.

रेल्वे, तारयंत्र आणि मद्रास वेळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा वेळेचा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. १८७० मध्ये मुंबई व कोलकाता ही शहरे जबलपूरमार्गे लोहमार्गाने जोडली गेली आणि त्याच वर्षी समुद्रतळावरील तारेने मुंबईचा ब्रिटनशी संपर्क प्रस्थापित झाला. एकाच मार्गाच्या दोन टोकांवरील घड्याळांत एक तासाहून अधिक फरक असल्याने वेळापत्रक आखणे जिकिरीचे झाले. यावर उपाय म्हणून रेल्वे व तारखात्याने मद्रास वेळ स्वीकारली. मद्रासला अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कंपनीची वेधशाळा होती. शिवाय ही वेळ मुंबईच्या ३० मिनिटे पुढे आणि कोलकात्याच्या सुमारे ३२ मिनिटे मागे, म्हणजे जवळजवळ मध्यावर होती.

रेल्वेपुरती ही सोय मुंबईकरांनी मान्य केली. मात्र १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने शहराच्या शासकीय व्यवहारांसाठीही मद्रास वेळ लागू केली, तेव्हा तीव्र नाराजी प्रकट झाली. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेल्या व १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळही या वादात ओढले गेले. अखेरीस १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली.

प्रमाणवेळ आणि तिला झालेला विरोध

ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २५ राष्ट्रांचे प्रतिनिधी सहभागी झाले आणि ग्रिनिचची मध्यरेषा प्रथम मध्यरेषा म्हणून मान्य करण्यात आली. ब्रिटिश शिष्टमंडळात इंडिया कौन्सिलचे सदस्य रिचर्ड स्ट्रॅची होते. भारतीय मात्र कोणीही नव्हता. या परिषदेने कोणत्याही देशावर कालविभाग लादला नाही. तथापि ग्रिनिचपासून पूर्ण वा अर्ध्या तासांच्या अंतराने वेळ ठरविण्याची प्रथा पुढे रूढ होत गेली.

भारतासाठी ८२ अंश ३० कला पूर्व, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणारे रेखावृत्त निवडण्यात आले. १ जुलै १९०५ पासून रेल्वे व तारखात्यात आणि १ जानेवारी १९०६ पासून सर्वसाधारण शासकीय व्यवहारांत साडेपाच तासांची प्रमाणवेळ अमलात आली. गणिताच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष होता. मात्र त्याचा काळ ध्यानात घ्यावयास हवा. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी अमलात आली होती आणि स्वदेशीच्या चळवळीने जोर धरला होता. अशा वातावरणात वरून आलेला प्रत्येक हुकूम संशयाने पाहिला जाणे स्वाभाविक होते.

विरोध दोन स्तरांवर झाला. पहिला कामगारांचा होता. नवी वेळ ३९ मिनिटे पुढे असल्याने गिरणीचा भोंगा घड्याळातील त्याच आकड्यावर वाजला, तरी सूर्याच्या हिशेबाने तो ३९ मिनिटे आधी वाजणार होता. चाळीत राहणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने ही निखळ झोपमोड होती. जानेवारी १९०६ च्या प्रारंभीच गिरणी कामगारांच्या असंतोषाचा उद्रेक झाला. दुसरा विरोध नगरपित्यांचा होता. जनतेला विश्वासात न घेता हा बदल केला गेला, असा फिरोजशहा मेहता यांचा आक्षेप होता. १९०६ मध्येच महानगरपालिकेने आपल्या घड्याळांसाठी मुंबई वेळ कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. जिम मसेलोस व व्हेनेसा ओगल या अभ्यासकांनी या प्रकरणाकडे नागरी अस्मिता व राजकीय प्रतिकार या दृष्टीने लक्ष वेधले आहे.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. ज्या मुंबई वेळेचे रक्षण केले गेले, तीही परंपरागत काळगणना नव्हती. वेधशाळेने निश्चित केलेली मध्यम सौरवेळ हीदेखील वसाहतकालीन व्यवस्थेचीच निर्मिती होती. म्हणून हा वाद ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ असा मांडणे योग्य ठरणार नाही. शहराचे घड्याळ कोणी लावावयाचे, हा त्यातील खरा प्रश्न होता. परकीय सत्ता गेल्यावर या आग्रहाचे प्रयोजन उरले नाही. कोलकात्याने १९४८ मध्ये आपली वेगळी वेळ सोडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईची वेळही लोप पावली.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने महत्त्व

या कालखंडातील मुंबईविषयक साधने हाताळताना नुसता आकडा पुरेसा ठरत नाही. दैनंदिनी, नगरपालिकेचे दप्तर, रेल्वेची नोंद व तार यांतील वेळा एकाच घड्याळाच्या असतीलच असे नाही. रेल्वेच्या दप्तरात मध्यरात्रीनंतर १२ वाजून १० मिनिटांनी नोंदलेला अपघात मुंबई वेळेनुसार आदल्या दिवशी रात्री ११ वाजून ३१ मिनिटांनी घडलेला असतो. येथे केवळ वेळ नव्हे, तर तारीखही बदलते. जुन्या जन्मटिपणातील वेळेबाबतही हीच सावधगिरी आवश्यक ठरते. त्यातच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, भारतीय प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे नेण्यात आली होती.

निष्कर्ष

दोन शहरांमधील वेळेचे रूपांतर हे वरकरणी बेरीज-वजाबाकीचे काम दिसते. परंतु त्या बेरजेतील प्रत्येक आकड्यामागे कोणाचा तरी निर्णय असतो. साडेपाच तासांचा आकडा सोयीचा होता आणि स्वतंत्र भारतानेही तो स्वीकारला. मुंबईकरांचा विरोध त्या आकड्यापेक्षा तो ठरविण्याच्या पद्धतीस अधिक होता. आजही मुंबईत सूर्य सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी माथ्यावर येतो. मुंबई वेळ घड्याळातून गेली असली, तरी तिची ३९ मिनिटे दररोजच्या माध्यान्ही शिल्लक आहेत आणि जुन्या दप्तरांच्या वाचकाला ती विसरून चालणार नाही.