नवीन नाशिकमधील गुन्हेगारी व नागरी सुरक्षितता

नवीन नाशिक (प्रचलित नाव : सिडको) हा नाशिक महानगरपालिकेच्या सहा प्रशासकीय विभागांपैकी एक असून मुंबई–आग्रा महामार्ग आणि अंबड औद्योगिक वसाहत यांच्या दरम्यान वसलेला दाट वस्तीचा निवासी भाग आहे. घरफोडी, दुचाकीचोरी, सोनसाखळी हिसकावणे, वाहनांची तोडफोड व जाळपोळ आणि टोळ्यांमधील वैमनस्य हे येथील गुन्हेगारीचे नेहमी चर्चिले जाणारे प्रकार होत. परिसर असुरक्षित असल्याचा समज बहुधा पोलीस ठाण्याच्या एकूण आकड्यांवरून रूढ झाला आहे. ते आकडे मात्र केवळ या वसाहतीचे नसतात.

वसाहतीची घडण

शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. नाशिकमध्ये सातपूर व अंबड येथे कारखाने वाढू लागल्यावर कामगार व अल्प उत्पन्न गटासाठी महामंडळाने मोरवाडी, कामटवाडे, उंटवाडी या जुन्या गावांलगत सहा योजनांत घरे बांधली. खानदेश व कसमादे भागातून आलेली कुटुंबे येथे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. मूळ घरे लहान व बैठी होती. पुढे त्यांवर मजले चढले, कुटुंबे वाढली, घरोघरी दुचाकी आल्या. गल्ल्यांची रुंदी तेवढीच राहिली. स्वतंत्र वाहनतळ नसल्यामुळे वाहने रात्रभर उघड्यावर राहतात. वाहने पेटवून देण्याचे किंवा त्यांच्या काचा फोडण्याचे प्रकार या भागात वारंवार घडले, त्यामागे ही रचनाही कारणीभूत आहे. अशा गल्लीत एका दुचाकीला लावलेली आग शेजारच्या वाहनांपर्यंत सहज पोहोचते.

गुन्ह्यांचे स्वरूप

दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबे गावी गेली की बंद घरे हेरून घरफोड्या केल्या जातात. तोडफोड व जाळपोळीमागे पुष्कळदा चोरीचा हेतू नसतो. परिसरात दहशत बसवणे किंवा जुन्या भांडणाचा सूड उगवणे हा उद्देश असतो. म्हणून नुकसानीची रक्कम लहान असली तरी रहिवाशांच्या मनावरील परिणाम मोठा असतो. ‘टिप्पर गँग’ या नावाने ओळखल्या गेलेल्या टोळीवर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (मकोका) अन्वये कारवाई झाली होती. उंटवाडी परिसरात १४ जून २०१९ रोजी एका वित्तसंस्थेच्या कार्यालयावर सशस्त्र दरोड्याचा प्रयत्न झाला. त्यात एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला.

अशा गुन्ह्यांत कधी अल्पवयीन मुलेही आढळतात. कायद्याच्या परिभाषेत त्यांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात व त्यांची प्रकरणे बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळापुढे चालतात. १६ वर्षांवरील मुलाने निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असल्यास त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा काय, याचा प्राथमिक विचार मंडळ करते.

आकडेवारी व तिचा अर्थ

गुन्हेगारीचा दर म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे वर्षभरात नोंदले गेलेले गुन्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल १९५३ पासून प्रसिद्ध होतो. त्यातील महानगरांच्या तक्त्यांत २०१६ पासून वीस लाखांवरील लोकसंख्येची १९ शहरेच घेतली जातात. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक महानगराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार असल्याने ते त्या तक्त्यांत नाही. जिल्हावार तक्त्यांत नाशिक पोलीस आयुक्तालयाचे आकडे नाशिक ग्रामीणपेक्षा वेगळे दिलेले असतात. आयुक्तालयाखालील पायरी पोलीस ठाण्याची. एखाद्या वसाहतीचा वा गल्लीचा स्वतंत्र दर या अहवालातून मिळत नाही.

सिडकोच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. अंबड पोलीस ठाण्याच्या हद्दीत दीर्घकाळ सिडकोची घरे आणि अंबडची औद्योगिक वसाहत दोन्ही समाविष्ट होत्या. कारखान्यातील तांब्याच्या तारांची चोरी आणि निवासी गल्लीतील घरफोडी एकाच ठाण्याच्या बेरजेत मिळते. शिवाय पाळीवर येणारे हजारो कामगार त्या हद्दीत दिवस घालवतात, पण तेथील लोकसंख्येत मोजले जात नाहीत. अंश फुगतो, छेद तेवढाच राहतो आणि दर चढा दिसतो. हद्दीची फेररचना झाली की ठाण्याचे आकडे एकाएकी घटतात, वसाहतीत काहीही बदललेले नसताना.

नोंदणीचा प्रश्न याहून मोठा आहे. वाहनचोरीचे आकडे तुलनेने विश्वसनीय असतात, कारण विम्याचा दावा करण्यासाठी प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) लागतो. मोबाइलचे तसे नाही; गर्दीत चोरीस गेलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून नोंदवला गेल्यास तो गुन्ह्यांच्या आकड्यात येत नाही. छेडछाड व कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी लोकलज्जेमुळे मागे राहतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच अहवाल नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट केले. या निर्णयाचे काटेकोर पालन करणाऱ्या ठाण्याचा आकडा वाढतो, आणि वृत्तपत्रांत तीच वाढ ‘गुन्हेगारी बोकाळली’ अशा मथळ्याखाली येते. एकाच अहवालात अनेक कलमे असल्यास गणनेत सर्वांत गंभीर कलमच धरले जाते, हेही लक्षात घ्यावे लागते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०४ मध्ये ‘हिसकावणे’ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यापूर्वी सोनसाखळीचे प्रकार चोरी किंवा जबरी चोरीच्या कलमांखाली विभागले जात. त्यामुळे या तारखेच्या अलीकडच्या व पलीकडच्या आकड्यांची सरळ तुलना फसवी ठरते.

प्रतिबंधक कारवाई

सराईत गुन्हेगारांना महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ अन्वये कमाल दोन वर्षे हद्दपार (‘तडीपार’) करता येते. १९८१ च्या एमपीडीए कायद्याने एक वर्षापर्यंत स्थानबद्धतेची तरतूद आहे. तडीपार व्यक्ती गुपचूप घरी परतल्याची प्रकरणे वेळोवेळी उघड होतात. शेजाऱ्यांनी माहिती दिल्याखेरीज अशी व्यक्ती सापडणे कठीण असते, आणि माहिती देणाऱ्याला त्याच गल्लीत राहायचे असते.

तक्रारदाराचे अधिकार

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची माहिती देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. अहवालाची प्रत तक्रारदारास विनामूल्य मिळते. ठाण्याने नोंद नाकारल्यास वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार पाठवता येते व तेथेही दखल न घेतली गेल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.