राजाश्रय, लोकाश्रय आणि आजीच्या ओव्या

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मालवण-वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर जत्रांचे दिवस सुरू होतात. पालखी देवळात परतली, की रात्री उशिरा दशावताराला आरंभ होतो. मागे एखादा साधा पडदा, पुढे राजाचे सिंहासन म्हणून एक लाकडी बाक, बाजूला हार्मोनियम, पखवाज आणि झांज. प्रथम गणपती आणि सरस्वती येतात; मागून वेद चोरणारा संकासुर येतो आणि मालवणीत बोलून साऱ्यांना हसवतो. पुढचे आख्यान पहाटेपर्यंत चालते. नटांच्या हाती लिखित संहिता नसते. संवाद रंगभूमीवरच जुळतात. पहाटे दहीकाला होतो, रंग पुसले जातात आणि मंडळी पुढच्या गावाची वाट धरते. आपल्या ख्रिस्ती वाड्यांतील कित्येकांनीही हा खेळ शेजाऱ्यांच्या सोबतीने रात्ररात्र जागून पाहिला आहे.

हा खेळ शतकानुशतके कोणाच्या आधारावर तगला? उत्तर सरळ आहे: गावाच्या. देवस्थानाचा मान, गावकऱ्यांची बिदागी आणि प्रेक्षकांतून फिरणारे आरतीचे तबक. कोणत्या देवळात कोणत्या मंडळींनी खेळ करायचा, हे परंपरेने ठरलेले असे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाचेही तसेच होते. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक उलगडीत, वीणा, हुडुक आणि झांजेच्या साथीने कथा गाणारे हे चित्रकथी. त्यांच्या कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्याही प्रसिद्ध आहेत. सावंतवाडीच्या भोसले घराण्याने या कलांना आश्रय दिला.

१९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय सरला. त्याची जागा शासनाने घ्यावी, ही अपेक्षा स्वाभाविक होती, आणि शासनाने ती अगदीच नाकारली असे म्हणता येणार नाही. १९५३ साली दिल्लीत संगीत नाटक अकादमी स्थापन झाली. महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून चालत आली आहे. २०२४ साली हे मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचेच संग्रहालय केले आणि जुन्या चित्रपोथ्या व बाहुल्या तेथे जपल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला अभिमान वाटला.

तरीही एक खंत उरतेच. मानधन मिळते ते कलावंताचे वय झाल्यावर, आणि कला मरते ती शिष्य न मिळाल्याने. म्हाताऱ्याच्या औषधपाण्याची सोय व्हायलाच हवी. पण त्याच्या मांडीशी बसून शिकणाऱ्या मुलाच्या चरितार्थाचे काय? दुसरे असे, की पैसा दिसणाऱ्या वस्तूकडे धावतो. चित्रकथीचे चित्र भिंतीवर टांगता येते, म्हणून ते विकले जाते. त्यामागचे गाणे टांगता येत नाही, म्हणून ते मागे पडते. महोत्सवातील तास-दीड तासात दशावताराचा वेश दिसेल, त्याची रात्र दिसणार नाही.

सावंतवाडीच्या गंजिफाची कथा येथे बोधप्रद आहे. १२० गोल पानांची ही दशावतारी गंजिफा चितारी कारागीर रंगवीत असत. १९७० च्या दशकाच्या आरंभी ही कला जवळजवळ विझली होती. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या जाणकारांकडून स्वतः शिकून घेतले आणि राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. येथे बक्षीस नव्हे, तर शिकणे आणि रोजचे काम या दोन गोष्टींनी कला वाचली. अमेरिकेतही १९६५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कला-निधीने पुढे लोककलांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. परंपरागत कलावंतांना १९८२ पासून सन्मानवृत्ती मिळू लागली. त्याबरोबरच जाणत्या कलावंताकडे शिष्य ठेवण्यासाठी अनुदानेही दिली गेली. नाना वंशांच्या आणि भाषांच्या लोकांचा तो देश. प्रत्येक समाजाच्या कलेला सार्वजनिक निधीत वाटा आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी रोस होतो. वधूवरांना नारळाचा रस लावताना बायका ओव्या म्हणतात. या ओव्यांचा इतिहास साधा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते ओवी छंदातच. म्हणजे चर्चने प्रथम या छंदाला आदराने जवळ केले होते. पण पुढे दृष्टी पालटली. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज राजवटीने तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. १७३६ साली इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने लग्नांतील ओव्यांवर आणि अनेक देशी रीतींवर बंदी घातली. त्या शतकांत गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे सावंतवाडी, वेंगुर्ले आणि कानडा मुलुखात येऊन स्थायिक झाली. त्यांच्या गाठोड्यांत क्रूस होता, तशी आपली बोली आणि गाणीही होती.

ज्याला सत्तेने मना केले, ते स्वयंपाकघरातील बायकांनी जपले. राजाश्रय नव्हता, उलट राजकोप होता. तरी ओवी जगली. जी बंदीने मेली नाही, ती आज आपल्या उदासीनतेने मरू पाहत आहे. लग्नात ध्वनिक्षेपक आला आणि म्हाताऱ्या गप्प झाल्या. त्यांच्यासाठी कोणती योजना आहे? मानधनासाठी अर्ज करायचा तर आधी आपण कलावंत आहोत असे म्हणावे लागते, आणि पन्नास लग्नांत गायलेल्या आजीला तसे कधी वाटलेच नाही. ज्या कलेला मंडळाचे नाव नाही आणि तिकीट नाही, ती सरकारी यादीत कशी येणार?

म्हणून मागणी अवश्य करावी. शासनाच्या निधीत दशावतारी, चित्रकथी, चितारी यांच्याबरोबर आपल्या ओव्या गाणाऱ्या बायकांचाही हक्क आहे; तो भीक म्हणून नव्हे, या मातीचे वारसदार म्हणून. शेजारच्या गोव्यात २००९ साली तियात्रासाठी शासनाच्या पाठबळाने स्वतंत्र अकादमी उभी राहिली. ती मागितल्याखेरीज का झाली असेल? परंतु मागण्याआधी आपल्या हातचे काम करावे. दशावताराला गावाने जागवले, तसे ओवीला धर्मग्रामाने जागवावे. येत्या लग्नसराईत रोसाच्या वेळी ध्वनिक्षेपक तासभर बंद ठेवावा, आजीला मधोमध बसवावे आणि नातीने वही उघडावी. अनुदान मिळेल तेव्हा मिळेल. पण ते यायच्या आधी आजी निघून गेली, तर ते द्यायचे कोणाला?