घाटकोपरमधील लोकदान

घाटकोपरमधील लोकदान : मुंबईच्या पूर्व उपनगरातील घाटकोपर येथे मंडळे, धार्मिक संघ, ज्ञातीसमाज व विश्वस्त संस्था लोकांकडून पैसा, धान्य आणि वस्तू गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवतात, ती व्यवस्था. हा भाग महानगरपालिकेच्या एन विभागात येतो. १९५० साली बृहन्मुंबईत सामील होण्यापूर्वी येथे घाटकोपर-किरोळ अशी स्वतंत्र नगरपालिका होती. रेल्वेच्या पूर्वेला राजावाडी, टिळक रोड, गरोडिया नगर ही मुख्यतः गुजराती-कच्छी-जैन वस्ती, पंतनगरच्या म्हाडा वसाहती आणि पूर्व द्रुतगती महामार्गालगतचे माता रमाबाई आंबेडकर नगर. पश्चिमेला असल्फा आणि भटवाडीच्या डोंगर-उतारावरील कोकणी व घाटावरच्या मराठी माणसांच्या चाळी. या प्रत्येक वस्तीची देण्याघेण्याची रीत निराळी आहे. त्यामुळे घाटकोपरच्या दानाविषयी सरसकट केलेली विधाने बहुधा यांपैकी एकाच वस्तीला लागू पडतात.

पूर्वपीठिका. मुंबईत व्यापारावर ‘लागा’ बसवून धर्मादाय करण्याची रीत जुनी आहे. १८३४ मध्ये जमशेदजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने निघालेली पांजरापोळ अशाच लाग्यांवर उभी राहिली : मालाच्या प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक रक्कम जनावरांसाठी बाजूला निघे. गुजराती पेढ्यांच्या बिलांवर ‘धर्मादा’ अशी वेगळी ओळ पुढेही दीर्घकाळ दिसत राहिली. मराठी बाजूचा पूर्वज वेगळा. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेला पैसा फंड माणशी वर्षाला एक पैसा मागत असे, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. घराघरांतून मूठभर धान्य मागणारे मुष्टिफंड याच जातीचे. पहिल्या रीतीत मोजके व्यापारी पुष्कळ देतात, दुसरीत पुष्कळ लोक थोडे थोडे देतात. घाटकोपरमध्ये या दोन्ही रीती एकाच रेल्वे स्थानकाच्या परिघात नांदतात.

मोठ्या देणगीची खूण इमारतींवर उरते. राजावाडीचे रुग्णालय महापालिकेचे आहे, तरी त्याचे पूर्ण नाव ‘शेठ व्ही. सी. गांधी आणि एम. ए. व्होरा महापालिका सर्वसाधारण रुग्णालय’ असे आहे. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदी विद्या प्रचार समितीने १९६३ साली सुरू केलेले महाविद्यालय रामनिरंजन झुनझुनवाला यांच्या नावाने ओळखले जाते. लहान देणगीची खूण मात्र पावतीपुस्तकातल्या स्थळप्रतीपलीकडे कुठे राहत नाही.

संकलन. चाळीत आणि वसाहतीत वर्गणी घरटी ठरते. गणेशोत्सवाआधी कार्यकर्ते संध्याकाळी, माणसे कामावरून घरी आल्यावर, पावतीपुस्तक घेऊन फिरतात. दुकानदारांकडे दिवसा जातात आणि त्यांचा आकडा वेगळा असतो. गेल्या वर्षी कोणी किती दिले याची वही सोबत असते, आणि यंदाच्या आकड्याची घासाघीस तिथूनच सुरू होते. देणाऱ्याच्या इच्छेवर चालणारा हा व्यवहार काही ठिकाणी दमदाटीचा होतो, हे मुंबईतल्या कोणत्याही दुकानदाराला सांगावे लागत नाही. अलीकडे राजकीय प्रायोजकांच्या फलकांनी मोठ्या मंडळांचा खर्च इतका उचलला आहे की घरटी वर्गणी हा तेथे उत्पन्नापेक्षा संबंध टिकवण्याचा भाग उरला आहे.

ग्रामस्थ मंडळांची वर्गणी याहून शिस्तीची. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा अशा जिल्ह्यांतील एकेका गावाची, कधी एकेका वाडीची मंडळे मुंबईत आहेत. सभासद वर्षाची रक्कम भरतो, न भरल्यास बाकी त्याच्या नावावर चढते आणि वार्षिक सभेत मोठ्याने वाचली जाते. गावचे देऊळ, शिमग्याची पालखी, शाळेची दुरुस्ती यांसाठी हा पैसा गावी जातो. पण मुंबईतल्या सभासदाला त्याचा खरा आधार कळतो तो घरात मृत्यू झाल्यावर. मयताचा खर्च, पार्थिव गावी नेण्याची गाडी, विधवेच्या हाती द्यायची रक्कम हे सगळे फारशी विचारपूस न करता त्याच रात्री होते. बौद्ध वस्त्यांत हेच काम गावकी आणि बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा करतात. विहारातले धम्मदान, आंबेडकर जयंतीची वर्गणी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठीचे अन्नदान यांचे संकलन वेगवेगळे चालते.

जैन संघांतील संकलन या सर्वांहून गुंतागुंतीचे आहे आणि त्याला नियमांची मोठी परंपरा आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक संघांत पर्युषणातील महावीर जन्मवाचनाच्या दिवशी त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांची प्रतीके खाली उतरवण्याचा मान बोली लावून दिला जातो. ही बोली रुपयांत नव्हे, तुपाच्या मणांत पुकारतात. एका मणाचे किती रुपये धरायचे हे संघाने ठरवलेले असते. प्रतिमापूजा न मानणाऱ्या स्थानकवासी परंपरेचे अनुयायीही घाटकोपरमध्ये मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांचा भर तिथीदान (एखाद्या तिथीच्या नावे निधी ठेवून त्याच्या व्याजातून केलेले दान), जीवदया व वैद्यकीय मदतीवर अधिक दिसतो. टिळक रोडजवळचे पारसधाम हे त्या परंपरेचे केंद्र. नम्रमुनी महाराजांच्या प्रेरणेने निघालेल्या अर्हम युवा सेवा ग्रुपचे तरुण घरोघरची वर्तमानपत्रांची रद्दी गोळा करून विकतात आणि तो पैसा माणसांच्या व प्राण्यांच्या मदतीला लावतात. ही पद्धत लक्ष देण्याजोगी आहे, कारण तीत देणाऱ्याच्या खिशाला चिमटा बसत नाही आणि गोळा करणाऱ्याचे श्रम हीच मुख्य देणगी ठरते.

खाते. गोळा झालेला पैसा कोणत्या खात्यात पडला, यावर त्याचे पुढचे सर्व आयुष्य ठरते. जैन व्यवस्थेत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण (सर्वसामान्य खर्चाचे), जीवदया, साधर्मिक भक्ती (गरजू सहधर्मीयांसाठीचे) अशी खाती असतात. देवद्रव्य मंदिर आणि प्रतिमा यांखेरीज कशावरही खर्च होत नाही. उपाश्रयाचे, म्हणजे साधूंच्या निवासस्थानाचे, वीजबिलही त्यातून भरता येत नाही. स्वप्नांच्या बोलीचा पैसा पूर्ण देवद्रव्यात जावा की काही भाग साधारणात घ्यावा, हा संघासंघांतला जुना वाद आहे. जीवदयेचा पैसा माणसाच्या औषधाला चालत नाही. नियम बाहेरच्याला कठोर वाटतात. पण देणाऱ्याचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो यांच्यामुळेच, कारण आपण दिलेले कुठे गेले हे त्याला विचारावे लागत नाही.

याची दुसरी बाजू अशी की साधारण खाते कायम कोरडे असते. हिशेबनीसाचा पगार, कार्यालयाचे भाडे, पाण्याची टाकी, झाडलोट यांसाठी बोली कोणी लावत नाही. हीच अडचण धर्मनिरपेक्ष संस्थांचीही आहे. शिष्यवृत्तीला आणि डायलिसिसला देणगीदार मिळतो, पण अर्जांची छाननी करणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही. मग ते काम निवृत्त बँक कर्मचारी आणि गृहिणी फुकट करतात, आणि ही माणसे थकली की संस्था थकते. घाटकोपरमधल्या दानव्यवस्थेचा हा सर्वांत कच्चा सांधा म्हणावा लागेल.

कायदेशीर चौकट. राज्यातील विश्वस्त संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई’ होते. मुंबईतल्या संस्थांची नोंदणी वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात होते. पावतीवरील नोंदणी क्रमांकाच्या आधीचे अक्षर वाचता आले तर संस्थेची जात कळते : ‘ए’ म्हणजे हिंदू धार्मिक न्यास, ‘ई’ म्हणजे सर्वसाधारण धर्मादाय, ‘एफ’ म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली संस्था. नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून पैसा गोळा करायचा तर कलम ४१-सी लागू होते. उत्सवी मंडळे दरवर्षी घेतात ती तात्पुरती परवानगी याच कलमाखालची, आणि उत्सवानंतर हिशेब देणे तिचाच भाग. नोंदणीकृत न्यासाला लेखापरीक्षण बंधनकारक असते, विश्वस्त बदलले की बदल अर्ज करावा लागतो आणि स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मूळ उद्देश पार पाडणे अशक्य झाले, उदाहरणार्थ ज्या शाळेसाठी निधी जमवला ती शाळाच बंद पडली, तर विश्वस्त तो पैसा मनाने वळवू शकत नाहीत. कलम ५५ चा मार्ग घ्यावा लागतो. खात्याची मर्यादा पाळण्याबाबत कायदा आणि जैन परंपरा यांचे असे अनपेक्षित एकमत आहे.

गुप्तदानाच्या बाबतीत मात्र परंपरा आणि करव्यवस्था यांची तोंडे विरुद्ध दिशांना. परंपरेत नाव न सांगता दिलेले दान श्रेष्ठ. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ११५बीबीसीने धर्मादाय न्यासाला मिळालेल्या निनावी देणग्यांवर, एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये यांपैकी मोठ्या रकमेच्या वर, ३० टक्के कर लावला. निव्वळ धार्मिक न्यासांना त्यातून सूट दिली. देणगीदाराला त्याच कायद्याच्या कलम ८०जी खालील करवजावट मिळवायची तर २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून रोख देणगीची मर्यादा दोन हजार रुपयांवर आली. २०२१-२२ पासून संस्थेने देणगीदारांची तपशीलवार यादी १०बीडी नमुन्यात भरायची आणि त्यांना १०बीई प्रमाणपत्र द्यायचे असा नियम झाला. त्यामुळे ‘पावती नको, नाव नको’ म्हणणारा आजोबांच्या पिढीचा देणगीदार आता खजिनदाराला संकटात टाकतो.

वाटप. मदत बहुधा हंगामाप्रमाणे जाते. जूनमध्ये वह्या, दप्तरे आणि फी, पावसाळ्यात ताडपत्री, दिवाळीआधी फराळाचे सामान, वर्षभर महिन्याचे धान्य. वह्यावाटप आणि गुणगौरव समारंभ व्यासपीठावर होतात, तिथे छायाचित्र हा कार्यक्रमाचा गाभा असतो आणि वही घेणारे मूल फलकाकडे तोंड करून उभे केले जाते. याउलट साधर्मिक मदतीचे पाकीट संघातला एखादा ज्येष्ठ माणूस घरी नेऊन देतो. घेणाऱ्याचे नाव समितीतल्या दोघा-तिघांखेरीज कोणाला कळत नाही. दुसरी पद्धत अधिक सभ्य आहे. तिच्यात हिशेब तपासणे मात्र अवघड, आणि मदत ओळखीच्याच माणसांत फिरत राहण्याचा धोकाही आहे.

वस्तू उसनी देण्याची सेवा सर्वांत कमी गाजते आणि कदाचित सर्वांत जास्त उपयोगी पडते. चाकाची खुर्ची, वॉकर, पाण्याची गादी, रुग्णाची खाट, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असे साहित्य अनेक संघ व मंडळे अनामत रक्कम घेऊन देतात आणि वस्तू परत आली की अनामत परत करतात. एकच खाट वर्षानुवर्षे घरोघरी फिरते. इथे जातीची किंवा ज्ञातीची अट बहुतेक ठिकाणी नसते.

मोठ्या आजारपणाचा खर्च एका संस्थेला पेलत नाही. रुग्णाचे नातेवाईक रुग्णालयाकडून खर्चाचे अंदाजपत्रक, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधारच्या प्रती घेऊन न्यासामागून न्यास फिरतात. सिद्धिविनायक मंदिर न्यास, मुख्यमंत्री साहाय्यता निधी, ज्ञातीचा वैद्यकीय फंड, गावचे मंडळ अशी तुकड्यातुकड्यांनी रक्कम जमते. धनादेश जवळपास नेहमी रुग्णालयाच्या नावे निघतो. हा नियम गैरवापर टाळण्यासाठी आहे आणि योग्यही आहे; पण रिक्षाचे भाडे, बुडालेली मजुरी, घरी राहिलेल्या मुलांचे जेवण यांसाठी कोणताही धनादेश नसतो. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तसेच एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. ही तरतूद माहीत असलेला कार्यकर्ता वस्तीत असणे, हे पुष्कळदा देणगीपेक्षा मोलाचे ठरते.

आपत्तीत यातली बरीच शिस्त बाजूला पडते. २५ जुलै २०१७ रोजी साई दर्शन इमारत कोसळून १७ जण दगावले. १३ मे २०२४ रोजी छेडा नगरजवळच्या पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून तितकेच जण मृत्युमुखी पडले आणि जखमींना राजावाडी रुग्णालयात नेण्यात आले. अशा वेळी सरकारी मदतीची रक्कम जाहीर होते, फलकाच्या दुर्घटनेत ती मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये होती. जागेवरचे पाणी, जेवण, रक्तदाते आणि नातेवाइकांची सोय मात्र जवळची मंडळे, संघ आणि गुरुद्वारे पाहतात. त्या कामासाठी वेगळे खाते कोणाकडेच नसते. तो खर्च पुढच्या सभेत ‘किरकोळ’ या सदराखाली मंजूर होतो.

अलीकडील बदल. क्यूआर कोडने पावतीपुस्तकाची जागा बरीचशी घेतली आहे. मोठ्या देणगीदारांची मुले परदेशी किंवा शहराच्या इतर भागांत गेल्याने तिथीदानाच्या पाट्यांवर नवी नावे कमी दिसतात. स्थायी निधीच्या व्याजावर चालणाऱ्या योजनांना घटलेले व्याजदर जाचतात; एका तिथीच्या व्याजात पूर्वी जेवढे जेवण होई तेवढे आता होत नाही, आणि जुन्या देणगीदाराच्या वारसाला ‘रक्कम वाढवा’ असे सांगणे विश्वस्तांना जड जाते. पुनर्विकासाने वर्गणीची वाटच बदलली आहे. चाळीत दार उघडे असे आणि कार्यकर्ता उंबऱ्यावर बसून पावती फाडत असे. टॉवरमध्ये त्याला रखवालदाराच्या वहीत नाव लिहून इंटरकॉमवर परवानगी घ्यावी लागते, किंवा सोसायटीच मासिक देखभालीत उत्सवाची रक्कम मिळवून एकरकमी देते. रमाबाई आंबेडकर नगराचा पुनर्विकास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी संयुक्तपणे हाती घेतला आहे. स्थलांतराच्या काळात एका गल्लीतली कुटुंबे वेगवेगळ्या उपनगरांत भाड्याने राहतात, आणि तेथील मंडळांच्या वर्गणीच्या याद्या आता घरक्रमांकाऐवजी मोबाइल क्रमांकांवर चालतात.