नंबर बदलतो, विमा बदलत नाही: भिलाई-नागपूर रस्त्याचा इतिहास

भिलाईच्या सेक्टर ६ मधून गाडी काढली आणि नागपूरकडे निघालो, तर दुर्ग, राजनांदगाव मागे पडतं आणि देवरीच्या अलीकडे महाराष्ट्राची हद्द लागते. गाडीचा नंबर सीजी ०७, म्हणजे दुर्ग आरटीओचा. आता हद्दीपलीकडे अपघात झाला तर आपला विमा चालेल का? की राज्य बदललं म्हणजे नियमही बदलले?

उत्तर एका ओळीचं आहे: विमा चालतो, जसाच्या तसा. पण हे उत्तर आपोआप मिळालेलं नाही. ते पक्कं व्हायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. आज तीच गोष्ट पाहू.

सुरुवात ब्रिटिश काळापासून करू. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी विम्याची सक्ती होती. म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर भरपाईची सोय आधीच केलेली हवी. मध्ये महायुद्ध आलं, आणि हा भाग प्रत्यक्षात १ जुलै १९४६ला लागू झाला. पण कायदा होता फक्त ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. दुर्ग जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणून तिथे सक्ती. शेजारचं राजनांदगाव मात्र संस्थान. तिथे हा कायदा आपोआप पोहोचत नव्हता. दुर्गपासून तासाभराच्या रस्त्यावर कायद्याची हद्द संपत होती. १ जानेवारी १९४८ला छत्तीसगडची संस्थानं मध्यप्रांतात विलीन झाली आणि ही रेघ पुसायला सुरुवात झाली.

पुढे राज्यांच्याच सीमा हलल्या. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी भिलाई कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती! १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, १९६०ला महाराष्ट्रात आलं, आणि १ नोव्हेंबर २०००ला भिलाई छत्तीसगडात आलं. नकाशा इतक्या वेळा बदलला, तरी विम्याची मूळ सक्ती तीच राहिली.

याचं कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. विमा हा विषय केंद्राच्या सूचीत, नोंद ४७. मोटार वाहनं समवर्ती सूचीत, नोंद ३५. वाहनांवरचा कर मात्र राज्यांकडे, राज्य सूचीची नोंद ५७. म्हणून रोड टॅक्स राज्यागणिक वेगळा, पण थर्ड पार्टी विम्याचा दर देशभर एकच. उदाहरणार्थ, १ जून २०२२पासून १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २०९४ रुपये ठरले. ते भिलाईत तेवढेच, नाशकात तेवढेच, बेळगावातही तेवढेच.

अमेरिकेत उलट आहे. तिथे मॅसॅच्युसेट्सने १९२७ मध्ये सर्वांत आधी सक्ती आणली, आणि १९४५च्या कायद्याने विम्याचं नियमन राज्यांकडेच ठेवलं. म्हणून न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला गेलं की पॉलिसी नव्याने पाहावी लागते. न्यू हॅम्पशायरमध्ये तर प्रत्येक कारमालकाला विम्याची सक्तीच नाही.

मग आपल्याकडे जागेप्रमाणे काहीच बदलत नाही का? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात बदलतं, पण तेही राज्याप्रमाणे नाही. २००२च्या अखिल भारतीय दरपत्रकात खासगी कारसाठी दोन विभाग होते. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूरसारखी आठ शहरं ‘अ’ मध्ये, बाकी देश ‘ब’ मध्ये. म्हणजे नागपूर आणि भिलाई राज्यं वेगळी असून एका विभागात, तर पुणे आणि नागपूर एकाच राज्यात असून वेगळ्या विभागांत! २००७ पासून हे दर टप्प्याटप्प्याने खुले होत गेले.

खरी सीमा उरली होती ती न्यायाच्या दारात. १९५६च्या दुरुस्तीने अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. पण दावा लावायचा कुठे? जिथे अपघात झाला तिथेच. १९८८चा नवा कायदा आला, तरी ही अट कायम होती. भिलाईचा कमावता माणूस साकोलीजवळ गेला, तर त्याच्या बायकोने तारखेमागून तारखेला भंडाऱ्याचे हेलपाटे घालायचे. पॉलिसी राज्याची हद्द ओलांडत होती, पण त्या बाईला मात्र प्रत्येक तारखेला ती ओलांडावी लागत होती. १४ नोव्हेंबर १९९४ पासून दुरुस्ती लागू झाली आणि दावेदार जिथे राहतो तिथेही दावा लावता येऊ लागला. आता तीच बाई दुर्गच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकते. माझ्या मते, विम्याचं संरक्षण खऱ्या अर्थाने देशभर झालं ते त्या दिवशी.

आता आपल्या उपयोगाच्या तीन गोष्टी. पहिली: २०१९च्या दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली, ती एप्रिल २०२२ पासून लागू झाली. म्हणून दुःखात असलात तरी कागद लवकर हलवा. दुसरी: नागपूरची जुनी गाडी घेऊन भिलाईला आणलीत, तर थर्ड पार्टी विमा कायद्याने नव्या मालकाकडे आलेला मानला जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तसा येत नाही, तो आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. विमा कंपनीला कळवायला चौदा दिवस आहेत. तिसरी: गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल, तर एनओसी आणून तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि नवा नंबर पॉलिसीवर चढवून घ्यायचा. हा त्रास कमी व्हावा म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये बीएच मालिकेचे नंबर आले. बदलीची नोकरी असलेल्या सार्वजनिक उपक्रमांतल्या कर्मचाऱ्यांनाही ते घेता येतात.

थोडक्यात, राज्य बदललं की कर आणि नंबर यांची चौकशी करा. विमा लागू आहे का ही चिंता नको, फक्त त्याची मुदत संपलेली नाही ना आणि तो तुमच्याच नावावर आहे ना, एवढं निघण्याआधी बघा. भेटू पुढच्या भागात.