पंचाऐंशी जणांचा पुरावा
१९०७ साली म्यूनिकच्या ओबर्नडॉर्फर यांनी आतड्यातील एका संथ वाढणाऱ्या गाठीला 'कार्सिनॉइड', म्हणजे कर्करोगासारखी, असे नाव दिले. ती जीवघेणीही ठरू शकते, हे त्यांनीच १९२९ साली नोंदविले.

१९८० नंतरच्या दशकात ऑक्ट्रिओटाइड हे औषध आले. त्याने जुलाब व अंगाची लाली शमे. पण गाठ थांबते काय? रोग दुर्मिळ, एका इस्पितळाला पुरेसे रोगी कोठून मिळणार? म्हणून जर्मनीतील १८ केंद्रे एकत्र आली. २००१ ते २००८ या काळात जेमतेम ८५ रोगी जमले. कोणाला औषध व कोणाला कोरी सुई, हे सोडतीने ठरले. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला: रोग बळावण्यापूर्वीचा मध्यक काळ औषधाने १४.३ महिने, कोऱ्या सुईने ६. आयुष्य वाढते, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही.

कोरी सुई घेणारे नसते, तर तुलना कशाशी केली असती? संप करणाऱ्या प्रत्येकाच्या पदरात पगारवाढ पडतेच असे नाही. ती पुष्कळदा मागून येणाऱ्याला मिळते. औषधाच्या प्रत्येक कुपीमागे असे अनाम लोक उभे आहेत, एवढे आपण विसरू नये.