गोदावरीतून कापूस

ऋषिकेशला ऐन मे महिन्यात राफ्टिंग चालतं, कारण वर हिमालयात बर्फ वितळत असतो. आपण नाशिककडची माणसं जिला गंगाच म्हणतो, ती गोदावरी निघते त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. तिथे कसला आलाय बर्फ! अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किमी, पण ही बाई उलटी पूर्वेला वळते आणि १,४६५ किमी चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत मिळणाऱ्या नद्याही पावसाच्याच. शाळेच्या भूगोलात ही एका ओळीची माहिती होती. एकोणिसाव्या शतकात मात्र तिच्यापायी एक भलामोठा प्रोजेक्ट बुडाला.

प्रोजेक्टमागचा माणूस आर्थर कॉटन, मद्रास इलाख्यातला इंजिनिअर. गोदावरीच्या मुखाजवळचा धवलेश्वरमचा बंधारा त्याचा, १८५२ साली पुरा झालेला. आंध्रात आजही त्याचे पुतळे आहेत. या देशाला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतील, असं त्याचं ठाम मत. वर्धा खोऱ्यातला कापूस नावांत भरायचा आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा थेट समुद्राला पोचवायचा. (कॉटनसाहेबानं कॉटन न्यायचा... असो.) १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि या योजनेला एकदम वजन आलं.

वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे. भद्राचलमजवळ दुम्मागुडेम, मग इंचमपल्ली, आणि प्राणहितेवर आपल्या गडचिरोलीतलं देवलमरी. उपाय ठरला: बंधारा घालायचा, बाजूनं कालवा काढायचा, दरवाजे लावून नावा वरखाली करायच्या. दुम्मागुडेमला बरंच बांधकाम झालंही.

पण खडक हा प्रश्नाचा सोपा भाग होता. मला वाटतं, खरी गोम धवलेश्वरमच्या यशातच होती. तिथे वाहतं पाणी शेताकडे वळवायचं होतं. पावसाळ्यात भातापुरतं मिळालं तरी भागत होतं. नावेला मात्र रोज आणि सगळ्या वाटेवर खोली लागते. नदी तीच, रिक्वायरमेंट वेगळी. पुरात नाव आवरत नाही आणि उन्हाळ्यात वाळूत रुतते. हिमालयातल्या नदीला उन्हाळ्यात बर्फाचं पाणी तरी मिळतं. हिला कुठून मिळणार?

तेवढ्यात १८६७ ला नागपूरला रेल्वे आली. आता नदी भरेपर्यंत कोण व्यापारी थांबतो? १८७१ ला सरकारनं काम गुंडाळलं.

गोदावरीतलं खरं राफ्टिंग केलं ते सागवानानं. सिरोंचाकडच्या जंगलातले ओंडके एकत्र बांधून तराफे करायचे आणि नदीला पाणी आलं की खाली राजमहेंद्रीकडे सोडायचे. त्यांना ना दरवाजे लागले, ना कालवे. दुम्मागुडेमचा बंधारा अजून उभा आहे. कापसाच्या नावा मात्र त्याच्यावरून फारशा गेल्याच नाहीत.